पक्षाघातानंतरचा काळ : प्रस्तावना

पक्षाघाताच्या रुग्णाला घेऊन घरची माणसं इस्पितळात पोचली की डॉक्टर त्यांना सगळ्यात आधी विचारतात, हे शेवटचे ठीक कधी दिसले होते? हात कधी लुळा पडला, असं ते विचारत नाहीत, कारण पुष्कळदा ते कुणी पाहिलेलंच नसतं. रात्री जेवून दहाला झोपलेला माणूस पहाटे उठताना कोलमडतो. घरच्यांच्या हिशेबी झटका पहाटे पाचचा असतो, डॉक्टरांना मात्र वेळ रात्री दहापासून मोजावी लागते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या एका उत्तरावर ठरतं.

पुढच्या पानांचा विषय हा ‘कधी’ आहे. मेंदूचा रक्तपुरवठा, शरीराची प्रतिकारशक्ती आणि पक्षाघातानंतर माणसाचं पुन्हा उभं राहणं या तीन गोष्टींवर आजवर तीन वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांनी संशोधन केलं. रक्तप्रवाह मोजणारे एका दालनात, रोगप्रतिकारशास्त्रज्ञ दुसऱ्यात आणि फिजिओथेरपिस्ट तिसऱ्यात. गेल्या पंचवीसेक वर्षांत या दालनांमधल्या भिंती पडत गेल्या आणि तिघांनाही कळलं की आपण एकाच प्रश्नापाशी अडलो आहोत. जी पेशी पहिल्या दिवशी नुकसान करते तिच्याच जातीची पेशी तिसऱ्या आठवड्यात डागडुजीला लागते. जो व्यायाम महिन्याभरानं हात परत मिळवून देतो तोच पहिल्या चोवीस तासांत अतिरेकानं केला तर घात करतो. पक्षाघातावरची अनेक औषधं माणसांवर निकामी ठरली. त्याची कारणं एकाहून अधिक आहेत, पण वेळ चुकणं हे त्यांतलं मोठं कारण आहे, असं माझं ठाम मत आहे.

विषयाची हद्द आधीच सांगतो. पक्षाघात दोन तऱ्हांनी होतो, मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून किंवा ती फुटून. तुंबून होणारे पक्षाघात जास्त असतात आणि इथे मुख्यत्वे त्यांचाच विचार आहे. बाहेरून पाहून हे दोन प्रकार ओळखता येत नाहीत, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. म्हणूनच रक्त पातळ करणारी गोळी घरच्या घरी देऊन टाकणं धोक्याचं असतं.

मेंदूचं वजन जेमतेम चौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण शरीर वापरतं त्यातला साधारण वीस टक्के ऑक्सिजन तो एकटा घेतो. आणि त्याच्याकडे साठा जवळपास नसतो. यकृतासारखी साखर साठवून ठेवायची सोय त्याला नाही, त्यामुळे रक्त थांबलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते. निसर्गानं यावर एक तोड ठेवली आहे. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसनं १६६४ साली मेंदूच्या रचनेवरचा आपला ग्रंथ छापला. त्यातली बरीच चित्रं ख्रिस्तोफर रेननं काढली होती, पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल उभारणारा तोच हा वास्तुशिल्पी. मेंदूच्या तळाशी चार धमन्या येऊन एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यांचं कडं तयार होतं, हे विलिसनं दाखवलं. मानेतली एक मोठी धमनी पूर्ण बंद असूनही कधी पक्षाघात न झालेल्या एका माणसाच्या शवाचं वर्णन त्यानं केलं आहे. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त वळतं, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. त्याच्या सहा वर्षं आधी स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या योहान याकोब वेप्फरनं पक्षाघातानं मेलेल्यांची शवविच्छेदनं करून मेंदूत रक्त साकळलेलं दाखवलं होतं. ‘वारं गेलं’ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या आजाराला शरीरात जागा मिळाली ती तिथून.

जिवंत माणसाच्या मेंदूत रक्त किती वाहतं हे मोजायला मात्र पुढे जवळपास तीन शतकं गेली. मधला एक टप्पा मला फार प्रिय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतल्या तुरिनमध्ये आंजेलो मोस्सो बेर्तिनो नावाच्या शेतकऱ्याला तपासत होता. अपघातात त्याच्या कवटीचा तुकडा निघाला होता आणि त्या जागी मेंदूची धडधड कातडीखाली दिसत असे. मोस्सोनं तिथे नोंद घेणारं यंत्र बसवलं. दुपारी बाराला चर्चची घंटा वाजली आणि मेंदूची धडधड वाढली, हाताची मात्र होती तशीच राहिली. प्रार्थना म्हणायची आठवण झाली का, असं मोस्सोनं विचारलं, तर पुन्हा वाढली. आठ बारे किती, विचारल्यावर परत तेच. विचार केला की मेंदूकडे जास्त रक्त जातं, याची ही पहिली खूण.

प्रत्यक्ष आकडा आला १९४५ नंतर. फिलाडेल्फियात सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन, मेंदूत जाणाऱ्या आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्तातल्या त्या वायूच्या फरकावरून प्रवाह काढला. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलीलीटर. याच पद्धतीनं लुई सोकोलॉफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये लोकांना तोंडी गणितं घालून पाहिली, आणि एकूण प्रवाहात काहीच फरक पडला नाही! मोस्सो चुकला होता असं नव्हे. मेंदूचं एकूण रक्त जवळपास तेवढंच राहतं, ज्या भागाला काम आहे त्याच्याकडे ते वळवलं जातं. वाटणी अशी क्षणाक्षणाला बदलते आणि ती बदलणारी यंत्रणा बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असते. पक्षाघातात गुठळी मोठ्या धमनीत अडकते, पण मेंदूचं भवितव्य या बारीक वाहिन्यांत ठरतं.

किती कमी रक्तावर मेंदू तगतो? लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये येन्स आस्ट्रुप, लिंडसे सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांवर हे पाहिलं. १९७७ च्या त्यांच्या निबंधानं आधुनिक उपचारांचा पाया घातला. प्रवाह ५० वरून १५-२० च्या आसपास उतरला की पेशींचं विद्युत काम थांबतं. हात हलत नाही, शब्द फुटत नाही. पण पेशी जिवंत असते. तिच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडून ती मरणाला लागते ती प्रवाह दहाच्याही खाली गेल्यावर. या दोन आकड्यांच्या मधल्या भागाला त्यांनी पुढे ग्रहणातल्या उपच्छायेचं नाव दिलं. पाटाचं पाणी बंद झाल्यावर शेजारच्या शेतातून पाझरणाऱ्या ओलीवर जसं पीक सुकत सुकत काही दिवस तग धरतं, तशा उपच्छायेतल्या पेशी शेजारच्या वाहिन्यांतून येणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर तगून असतात. ही शेजारची ओल कुणाच्या मेंदूत किती, यात फार फरक असतो. एकाच धमनीत तसलीच गुठळी अडकलेल्या दोघांपैकी एकाचा मेंदू दोन तासांत जातो, तर दुसऱ्याचा दहा तासांनीही वाचवण्याजोगा असतो, तो त्यामुळे.

यानंतरचा इतिहास मुदत वाढत जाण्याचा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीनं दाखवलं की गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज तीन तासांच्या आत दिलं तर तीन महिन्यांनी अपंगत्व कमी राहतं. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनं ही मुदत साडेचार तासांवर नेली. २०१५ मध्ये नेदरलँड्समधली चाचणी आणि तिच्यापाठोपाठच्या आणखी चार चाचण्यांनी जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपचार सिद्ध केला. २०१८ मध्ये दोन चाचण्यांनी निवडक रुग्णांसाठी ती मुदत १६ आणि २४ तासांपर्यंत नेली. निवडक म्हणजे ज्यांच्या स्कॅनवर मेलेला भाग लहान आणि धोक्यातला भाग मोठा दिसतो असे. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाबरोबर आता मेंदूच्या आतलं घड्याळही वाचता येऊ लागलं. तरी कुणी निवांत होऊ नये. मोठी धमनी तुंबली तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. मुदत वाढली ती थोड्यांसाठी. बाकीच्यांचं नुकसान दर मिनिटाला चालूच असतं.

आता खरा गुंता. धमनी उघडते, चित्रावर रक्त झरझर वाहताना दिसतं आणि तरी रुग्ण सुधारत नाही. असे रुग्ण थोडे नसतात. केशवाहिन्यांभोवती पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. रक्त तुटलं की त्या आवळतात आणि धमनी उघडल्यावरही सैल होत नाहीत, हे अंकाऱ्यातल्या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवलं. लंडनच्या डेव्हिड अ‍ॅटवेल यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं की त्यांतल्या पुष्कळ पेशी आवळलेल्या अवस्थेतच मरतात. त्यात भर घालतात न्यूट्रोफिल, म्हणजे सर्वांत आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या अरुंद झालेल्या केशवाहिन्यांत बुचासारख्या अडकतात. रक्तप्रवाह आणि प्रतिकारशक्ती यांना वेगवेगळं शिकवण्यात अर्थ राहत नाही तो इथे, कारण प्रतिकारशक्तीची पेशीच प्रवाह अडवते आहे. बार्सिलोनातल्या एका छोट्या चाचणीत २०२२ साली गुठळी काढून झाल्यावरही धमनीत थोडं अल्टेप्लेज सोडलं, तर निकाल सुधारलेले दिसले. रुग्ण फक्त १२१ होते, म्हणून हुरळून जाऊ नये. पण दिशा बरोबर वाटते.

मेंदूचा आणि प्रतिकारशक्तीचा फारसा संबंध नाही, असं बराच काळ मानलं गेलं. पीटर मेडावरनं १९४८ मध्ये सशाच्या मेंदूत दुसऱ्या सशाची कातडी रोवली आणि ती टिकली. त्याच कामातला दुसरा अर्धा भाग लोक विसरले : त्या सशाला आधी अंगावर तीच कातडी लावून ‘ओळख’ करून दिली असेल, तर मेंदूतलं कलमही नाकारलं जातं. दार बंद नव्हतंच, फक्त आतून कुणी वर्दी देत नव्हतं. २०१५ मध्ये व्हर्जिनियात आणि हेलसिंकीत, दोन्हीकडे स्वतंत्रपणे, मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या सापडल्या. २०१८ मध्ये बॉस्टनच्या गटाला कवटीच्या हाडातल्या मज्जेतून थेट मेंदूच्या आवरणात उघडणाऱ्या सूक्ष्म वाटा दिसल्या. उंदराला पक्षाघात झाल्यावर तिथे जमणारे न्यूट्रोफिल पायाच्या हाडापेक्षा कवटीतून जास्त येतात.

मग या पेशींना रोखलं तर? कल्पना सरळ होती. पांढऱ्या पेशी ज्या रेणूला धरून रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात त्यालाच झाकणारं प्रतिपिंड बनवण्यात आलं, एन्लिमोमॅब. प्राण्यांत त्यानं नुकसान कमी केलं होतं. सहाशेवर रुग्णांच्या चाचणीचा निकाल २००१ मध्ये आला तेव्हा औषध मिळालेले रुग्ण जास्त दगावले होते. प्रतिपिंड उंदराचं होतं, माणसाच्या शरीरात त्यानं न्यूट्रोफिलांना उलट चेतवलं. हा धडा एकट्या औषधाचा नव्हता. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजदाद केली तेव्हा पक्षाघातावर प्रयोगशाळेत तपासलेले १,०२६ उपचार निघाले, त्यांतले ११४ माणसांपर्यंत पोचले होते. मेंदूच्या पेशी वाचवणारं सर्वमान्य औषध त्यांतून एकही मिळालं नाही. प्रयोग बहुधा तरुण, निरोगी, एका वंशाच्या उंदरांवर होतात आणि औषध झटक्यानंतर काही मिनिटांत दिलं जातं. आपला रुग्ण सत्तरीचा, रक्तदाब आणि मधुमेह असलेला, आणि सहा तासांनी आलेला असतो.

मेंदूत जळजळ माजलेली असते त्याच वेळी उरलेल्या शरीरात प्रतिकारशक्ती ढासळते. ही या विषयातली सर्वांत विलक्षण आणि घरच्यांना सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. बर्लिनच्या शारिते इस्पितळात कोन्स्टान्टिन प्रास, आंद्रेआस मायझेल, उलरिख डिरनागल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की पक्षाघात झालेल्या उंदरांच्या प्लीहेतल्या लिम्फोसाइट पेशी झपाट्यानं घटतात आणि काही दिवसांत त्यांना न्यूमोनिया होतो. जखमी मेंदू ताणाच्या वेळी चालणाऱ्या मज्जातंतूंमार्फत ही यंत्रणा दाबून टाकतो. प्रोप्रॅनोलॉल देऊन तो संदेश अडवला की न्यूमोनिया टळतो. शरीर असं का करतं? एक तर्क असा, की रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा फुटलेला असताना प्रतिकारपेशींनी मेंदूलाच परका समजू नये म्हणून हा आवर असावा. तर्क मला पटतो, पण त्याची किंमत फुप्फुसं मोजतात.

यावर सोपा उपाय वाटतो तो सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक देण्याचा. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांहून जास्त आणि ब्रिटनमध्ये हजारावर रुग्णांवर तो करून पाहिला. २०१५ च्या दोन्ही निकालांत रुग्णांच्या स्थितीत फरक पडला नाही. फरक पडला तो कुठे? ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या १९ पक्षाघात कक्षांपैकी काहींत परिचारिकांना तीन गोष्टी काटेकोर करायला शिकवल्या : ताप उतरवणं, साखर आटोक्यात ठेवणं आणि गिळता येतं का ते तपासल्याशिवाय तोंडात काहीही न देणं. २०११ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण बाकीच्या कक्षांत ५८ टक्के होतं, ते अशा कक्षांत ४२ टक्के भरलं. माणूस पडला की आपल्याकडे कुणीतरी धावत तांब्या आणतं आणि त्याला पाणी पाजतं. त्यामागची माया खरी असते. पण ज्याचा घसा लुळा पडला आहे त्याचं ते पाणी श्वासनळीत उतरतं, नेमकं फुप्फुसांचं रक्षण करणारं सैन्य माघारी गेलेलं असताना. या पुस्तकातून वाचकानं एकच गोष्ट शेजाऱ्याला सांगायची ठरवली, तर ती ही सांगावी.

दोनेक आठवड्यांनी चित्र पालटतं. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी उंदरांच्या मेंदूत मोठ्या संख्येनं जमतात. जपानच्या अकिहिको योशिमुरा यांच्या गटानं २०१९ मध्ये दाखवलं की त्या अँफिरेग्युलिन नावाचं प्रथिन सोडून मेंदूतला व्रण आटोक्यात ठेवतात आणि उंदरांच्या हालचाली सुधारायला मदत करतात. या पेशी सेरोटोनिनलाही प्रतिसाद देतात, म्हणून नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दलची आशा पुन्हा जागी झाली. पण माणसांचा पुरावा आधी पाहावा. फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या चाचणीत २०११ मध्ये फ्लुऑक्सेटीननं हातापायांची हालचाल सुधारलेली दिसली होती. ब्रिटनमधल्या तीन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं.

औषधाविना मेंदू किती बदलतो, हे रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ मध्ये खारमाकडांवर दाखवलं. हात चालवणाऱ्या भागात छोटी इजा केल्यावर, हाताला काम न दिलेल्या माकडांत आजूबाजूचा शाबूत भागही हाताला मुकला. ज्यांना रोज बोटांनी दाणे उचलायला लावले त्यांच्यात तो टिकला, आणि काहींत तर कोपर-खांद्याच्या भागात पसरला. म्हणजे इजा झाल्यानंतरही हानी वाढत राहते, आणि ती वाढ कामानं थांबते. पण यावरून ‘जितकं लवकर, जितकं जास्त, तितकं चांगलं’ असा निष्कर्ष काढू नये. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठवून चालवलेल्यांपैकी ४६ टक्के चांगले सुधारले, नेहमीच्या पद्धतीनं सांभाळलेल्यांपैकी ५० टक्के. निकाल आला २०१५ मध्ये. त्यानंतरच्या विश्लेषणातून थोडा थोडा वेळ, अनेकदा उठवणं बरं, असं दिसलं.

भारतातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग याच पुनर्वसनाच्या प्रांतातला आहे. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन यांच्या पुढाकारानं १४ इस्पितळांत १,२५० रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या घरच्यांना त्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. फिजिओथेरपिस्ट परवडत नाही, तर मुलगा-सून-बायको यांनाच शिकवावं, हा विचार. २०१७ मध्ये निकाल आला : सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. हा निकाल वाचून मी हळहळलो. पण तो प्रसिद्ध झाला, हे फार मोलाचं आहे. घरच्यांच्या मायेनं तज्ज्ञाची जागा भरत नाही, आणि ‘आपल्याकडे कुटुंब असतं’ असं म्हणून सरकारला जबाबदारी झटकता येत नाही, हे त्या आकड्यांनी स्पष्ट केलं.

आणि गडचिरोली. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. पक्षाघात हे तिथलं मृत्यूचं पहिलं कारण निघालं, दर सातांतला एक मृत्यू त्याचा. हिवतापाचा आणि कुपोषणाचा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा. पक्षाघातानं गेलेल्यांपैकी ८७ टक्के घरीच गेले. साडेचार तासांची मुदत, उपच्छाया, २४ तासांचा स्कॅन, यांतलं काहीही त्यांच्या वाट्याला आलं नाही. बर्लिनमधल्या उंदरांच्या प्लीहेबद्दल मी इतक्या आस्थेनं लिहितो आहे ते हे माहीत असूनच. ती माहिती गावापर्यंत न्यायची तर तिच्यातला कोणता भाग स्कॅनविना, एमडीविना, रात्रीच्या अंधारातही वापरता येतो हे आधी निवडावं लागतं. रक्तदाब मोजणं आणि गोळी चालू ठेवणं हा त्यातला सर्वांत मोठा भाग आहे. गिळण्याची तपासणी आशाताईला शिकवता येते. कूस बदलणं, बसतं करणं, लुळ्या हाताला खांद्यापाशी आधार देणं यांना यंत्र लागत नाही.

म्हणून प्रकरणांचा क्रम अवयवांप्रमाणे लावलेला नाही. पहिले तास, पहिला आठवडा, पहिले तीन महिने आणि त्यानंतरची वर्षं, असा तो आहे. प्रत्येक भागात आधी विज्ञान काय सांगतं, मग त्यातलं माणसांवर काय सिद्ध झालं आणि काय अजून उंदरांपुरतं आहे, हे वेगळं ठेवलं आहे. ‘त्यानंतरची वर्षं’ हा भाग सर्वांत छोटा झाला आहे, कारण त्या काळावर संशोधन सर्वांत कमी झालं आहे, आणि बहुतेक रुग्णांचं बहुतेक आयुष्य मात्र त्याच काळात जातं.